काका बॅप्टिस्टा : श्रद्धा, नागरिकत्व आणि निवडणूक

निवडणुका होऊन जातात, परंतु त्यांनी पाडलेले तट गावात मागे राहतात. वसईच्या पट्ट्यात सेवा करताना आम्ही हे जवळून पाहिले आहे. २००९ साली वसई-विरार महापालिका स्थापन झाली, तेव्हा गावे महापालिकेत असावीत की बाहेर राहावीत या प्रश्नावर घराघरांत दोन मते होती. दोन्ही मतांमागे प्रामाणिक माणसे होती. तरीही त्यानंतरच्या निवडणुकांच्या दिवसांत एका गावातील दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरी जाणे सोडले. रविवारच्या मिस्साबलिदानात शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली, की एक भाऊ मान दुसरीकडे वळवी. पुढे त्यांच्या आईच्या दफनविधीला ते दोघे कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले. ते दृश्य आम्हाला आजवर विसरता आलेले नाही.

अशा दिवसांत आमच्या भाविकांना साधारणपणे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा, की राजकारण हे चिखलाचे क्षेत्र असून देवभिरू ख्रिस्ती माणसाने आपली शेतीवाडी, नोकरी आणि प्रार्थना सांभाळून स्वस्थ बसावे. दुसरा सल्ला असा, की आपण संख्येने थोडे असल्यामुळे सर्वांनी एकगठ्ठा मत द्यावे आणि ते कोणाला द्यायचे हे चर्चच्या आवारातच ठरावे. हे दोन्ही सल्ले देणारी माणसे समाजाच्या हितासाठीच बोलत असतात. परंतु श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन यांचे नाते याहून निराळ्या रीतीने जगून दाखविणारा एक कॅथलिक पुरुष आपल्याच किनारपट्टीच्या मातीतून निघालेला आहे. त्यांचे नाव बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. महाराष्ट्र त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणून ओळखत असे. आज त्यांचे नाव आमच्या तरुणांना फारसे ठाऊक नाही, म्हणून त्यांचा जीवनपट येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्तन आणि माझगाव

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावच्या म्हातारपाखाडी या वस्तीत झाला. त्यांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे उत्तनचे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेले हे गाव आम्हा वसईकरांना परके नाही. म्हातारपाखाडी ही मुंबईच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांपैकी एक. लाकडी माड्यांची घरे, अरुंद गल्ल्या आणि मध्ये क्रूस, असे तिचे रूप आजही काही अंशी टिकून आहे. जोसेफ यांचे शालेय शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाले. त्यानंतर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाच्या फिट्झविल्यम या संस्थेतून त्यांनी राज्यशास्त्राची पदवी मिळविली आणि कायद्याचे शिक्षण पूर्ण करून बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

त्या काळी इंग्लंडचे राजकारण आयर्लंडच्या प्रश्नाने ढवळून निघाले होते. आयर्लंडला स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार देणारी विधेयके ब्रिटिश संसदेत १८८६ आणि १८९३ साली मांडली गेली आणि दोन्ही वेळा ती फसली. आयरिश जनता बहुसंख्येने कॅथलिक होती. आपल्या श्रद्धेशी निष्ठावंत राहून ती सनदशीर मार्गाने स्वराज्य मागत होती. या चळवळीचा तरुण बॅप्टिस्टांवर खोल परिणाम झाला. कॅथलिक असणे आणि आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागणे यांत काहीही विसंगती नाही, याचे जिवंत उदाहरण तेथे त्यांच्यासमोर होते.

समाजाची वाट आणि त्यांची वाट

येथे त्या काळच्या आपल्या समाजाची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. मुंबई आणि साष्टीच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केले ते ईस्ट इंडिया कंपनीशी असलेले जुने नाते दाखविण्यासाठी. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण निराळे व येथील मूळचे आहोत, हे त्यांना सरकारला सांगायचे होते. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे व गोदी यांतील नोकऱ्यांवर अनेक कुटुंबे अवलंबून होती. राज्यकर्ते ख्रिस्ती असल्याने त्यांच्या राज्यात आपण सुरक्षित आहोत, अशी समजूत सर्वत्र पसरलेली होती. त्या समजुतीला दोष देणे आज सोपे आहे. पोटापाण्याची काळजी असलेल्या लहान समाजाची ती भीती होती आणि भीतीला तिची कारणे असतात.

बॅप्टिस्टांनी समाजाशी नाते तोडले नाही, परंतु ही समजूत मात्र स्वीकारली नाही. १९०१ साली ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि पुढे सुमारे सतरा वर्षे तेथे कार्यरत राहिले. गोरगरिबांच्या मुलांना मोफत प्राथमिक शिक्षण मिळावे याचा त्यांनी पाठपुरावा केला. त्या मुलांत सर्व धर्मांची व जातींची मुले होती. सार्वजनिक पदावर बसलेल्या ख्रिस्ती माणसाने कोणाचे प्रतिनिधित्व करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या कामातून असे आरंभीच देऊन ठेवले.

न्यायालयातील उभे राहणे

लोकमान्य टिळक आणि बॅप्टिस्टा यांचा स्नेह हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक सुंदर अध्याय आहे. एक गीतेचा भाष्यकार, सनातन वळणाचा ब्राह्मण, तर दुसरा माझगावचा कॅथलिक बॅरिस्टर. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला, तेव्हा सरकारने खास ज्यूरीची मागणी केली. खास ज्यूरी म्हणजे युरोपियनांचे बहुमत, हे सर्वांना ठाऊक होते. त्या मागणीला न्यायालयात विरोध करण्यासाठी टिळकांच्या वतीने बॅप्टिस्टा उभे राहिले. विरोध मान्य झाला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली, तिने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या शिक्षेच्या निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेवले.

दोन वर्षांनी, १९१० साली, विनायक दामोदर सावरकरांवर मुंबईत विशेष न्यायालयापुढे खटला चालला. त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांतही बॅप्टिस्टा होते. सावरकरांचा मार्ग सशस्त्र क्रांतीचा होता, तर बॅप्टिस्टांचा सनदशीर चळवळीचा. परंतु आरोपीला बचावाचा हक्क आहे आणि त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे, एवढे त्यांना पुरेसे होते. राज्यकर्त्यांच्याच धर्माचा एक बॅरिस्टर त्यांच्या कट्टर विरोधकांची बाजू मांडतो, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. धर्म एक असल्याने निष्ठाही सत्तेशीच असणार, हा समज या माणसाने भर न्यायालयात खोटा ठरविला.

होमरूल लीगचे अध्यक्ष

टिळक १९१४ साली सुटून आले. दोन वर्षांनी, एप्रिल १९१६ मध्ये, बेळगाव येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि तेथेच होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून बॅप्टिस्टा यांची निवड झाली आणि चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. ज्या संघटनेने महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथील खेड्यापाड्यांत स्वराज्याची मागणी पोहोचविली, तिच्या अध्यक्षपदी एक कॅथलिक गृहस्थ होते, याची नोंद आमच्या वाचकांनी आवर्जून घ्यावी. स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याची जी घोषणा टिळकांच्या नावाने अजरामर झाली, तिच्या शब्दरचनेमागे बॅप्टिस्टा होते असेही अनेक जण सांगत आले आहेत.

त्याच वर्षी टिळकांवर त्यांच्या भाषणांबद्दल पुन्हा कारवाई झाली व जामीन मागण्यात आला. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि त्यांच्याबरोबरच्या वकिलांत बॅप्टिस्टाही होते. या वेळी निकाल टिळकांच्या बाजूने लागला. एका हिंदू पुढाऱ्यासाठी एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती वकील उभे आहेत, हे चित्र त्या काळी अद्भुत वाटले नाही. आज ते वाटते, याचा विचार आपण सर्वांनीच करावयास हवा.

१९१७ साली लीगने बॅप्टिस्टांना इंग्लंडला पाठविले. तेथे त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले आणि हिंदुस्थानची मागणी ब्रिटिश जनतेपुढे मांडली. लोकांनी त्यांना काका ही पदवी दिली. मराठी घरात काका म्हणजे वडिलांच्या पाठचा, हक्काने ज्याच्याकडे जावे असा माणूस. ही पदवी सरकारी गॅझेटमध्ये छापून येत नाही. आपल्या ख्रिस्ती नावापुढे महाराष्ट्राने लावलेले हे नाते त्यांनी आयुष्यभर मिरविले.

फुटीचे वर्ष

१९२० हे वर्ष त्यांच्या जीवनातील सर्वांत कठीण वर्ष ठरले. नव्या कायद्यानुसार कायदेमंडळांच्या निवडणुका त्या वर्षाच्या अखेरीस व्हावयाच्या होत्या. त्या लढवाव्यात, मंडळात शिरावे आणि आतून स्वराज्यासाठी झगडावे, असे टिळकांचे मत होते. त्यासाठी त्यांनी एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला. त्याच्या तयारीत बॅप्टिस्टा आरंभापासून होते. मुंबईहून एक इंग्रजी दैनिक काढून त्याचे संपादकपद अरविंद घोष यांना द्यावे, अशी त्यांची योजना होती आणि तसे पत्र त्यांनी पाँडिचेरीला पाठविले होते. अरविंदांनी जानेवारी १९२० मध्ये विस्तृत उत्तर लिहून नम्रपणे नकार दिला. ते उत्तर आजही अभ्यासक आवडीने वाचतात.

परंतु १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने महात्मा गांधींचा असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला आणि कायदेमंडळांवर बहिष्कार टाकण्याचे ठरविले. देशभर उत्साहाची लाट उसळली. घराघरांत वाद झाले, जुने मित्र दुरावले. टिळकांच्या अनेक सहकाऱ्यांना हा मार्ग पटला नाही आणि बॅप्टिस्टा त्यांपैकी एक होते. मिळालेले मत वापरावे, सभागृहात जावे, तेथे बोलावे, हा त्यांचा विचार होता.

इतिहासाची लाट त्यांच्या विरुद्ध दिशेने गेली. पुढच्या दशकात देशाच्या राजकारणाचे नेतृत्व गांधीजींकडे आले आणि काकांचे नाव मागे पडत गेले. आपल्या मताची ही किंमत त्यांना मोजावी लागली. अशा वेळी माणसापुढे दोन मोह उभे राहतात. एक म्हणजे कडवटपणे घरात बसणे आणि दुसरा म्हणजे रागाच्या भरात विरुद्ध टोकाला, म्हणजे सरकारच्या आश्रयाला जाणे. काकांनी यांपैकी काहीही केले नाही. ते कामगारांकडे गेले.

कामगारांचे काका

मुंबईच्या टपाल कामगारांच्या संघटनेचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि गिरण्या व गोदीच्या वस्तीत वाढल्यामुळे कामगारांचे जिणे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते आर्य समाजाचे लाला लजपतराय आणि उपाध्यक्ष होते कॅथलिक जोसेफ बॅप्टिस्टा. धर्मविचारांत या दोघांचे एकमत होणे अशक्य होते. मजुराला पोटभर अन्न आणि मान मिळाला पाहिजे, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद नव्हता. पुढच्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या झरिया गावी दुसरे अधिवेशन झाले. खाणमालकांचा त्याला विरोध होता, तरीही खाणकामगार मोठ्या संख्येने जमले आणि काकांनी त्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. १९२४ साली जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते उपस्थित राहिले.

कामगारांच्या हक्कांविषयी पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले होते. न्याय्य वेतन, संघटना बांधण्याचा हक्क आणि श्रमाची प्रतिष्ठा या गोष्टी ख्रिस्तसभेने त्यात ठामपणे मांडल्या. ज्या काळात आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत हे परिपत्रक कोणाच्या कानीही गेले नसेल, त्या काळात आपल्यातील एक प्रापंचिक गृहस्थ टपालवाल्यांच्या आणि खाणमजुरांच्या सभांत उभा राहून तेच काम करीत होता. श्रद्धेचे सार्वजनिक रूप कसे असते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही प्रथम याकडे बोट दाखवू.

१९२५ साली मुंबई महापालिकेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. आज ज्याला आपण महापौरपद म्हणतो ते हेच पद. निवडून देणाऱ्या नगरसेवकांत ख्रिस्ती फारच थोडे होते. त्यांनी काकांना ख्रिस्ती म्हणून मत दिले नाही आणि ख्रिस्ती म्हणून मत नाकारलेही नाही.

१८ सप्टेंबर १९३० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, काकांचे मुंबईत निधन झाले. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते आणि देश त्या आंदोलनात गढलेला होता. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे. डॉकयार्ड रोड स्थानकावरून टेकडी चढून गेले, की तेथून बंदर आणि गोदी दिसते. वसईहून मुंबईला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी एखादे वेळी तेथे अवश्य जावे.

त्यांच्या पश्चात

काकांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला. त्यात ख्रिस्ती मतदारांसाठी वेगळे मतदारसंघ देण्यात आले. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतात अशा तीन जागा होत्या. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. के. टी. पॉल आणि एस. के. दत्त यांसारख्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना वेगळ्या मतदारसंघांची कल्पना मान्य नव्हती. अखेर स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत, १९४९ साली, धर्मावर आधारित राखीव जागाही रद्द झाल्या. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी आणि येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा यांसारख्या ख्रिस्ती सभासदांनी समाजासाठी वेगळ्या जागांचा आग्रह धरला नाही. आपण देशबांधवांच्या सद्भावनेवर विश्वास ठेवतो, असे त्यांनी कृतीने सांगितले.

तो विश्वास काही वेळा डळमळतो, हे आम्ही नाकारीत नाही. प्रचाराच्या काळात आपल्या समाजाविषयी जे बोलले जाते, ते ऐकून आमच्या भाविकांच्या मनात भीती दाटते आणि ती भीती आम्हाला कळते. तरीही काकांच्या जीवनाकडे पाहता आम्हाला असे वाटते, की भीती ही मत ठरविण्याची योग्य जागा नव्हे. येशूने कैसराच्या नाण्याविषयी विचारणाऱ्यांना जे उत्तर दिले, त्यात नागरिकाचे कर्तव्य टाळण्याची मुभा नाही आणि राज्यसत्तेला देवाच्या जागी बसविण्याचीही नाही. संदेष्टा यिर्मया याने बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या आपल्या लोकांनाही, ज्या नगरात तुम्ही राहता त्याचे हित पाहा, या आशयाचा उपदेश केला होता. मग हे नगर तर आपले स्वतःचे आहे.

धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात उतरू नये, असा ख्रिस्तसभेचा सर्वसाधारण नियम आहे. कोणाला मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही आणि तसे सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नये, अशी आमची विनंती राहील. हे क्षेत्र प्रापंचिकांचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही स्पष्ट केले आहे. उमेदवाराने पाण्यासाठी, शेतजमिनीसाठी, शाळेसाठी, रुग्णालयासाठी काय केले, गरिबाशी तो कसा वागला, तो माणसांना जोडतो की तोडतो, हे पाहावे आणि सद्सद्विवेकाला स्मरून मत द्यावे. आमच्या तरुण-तरुणींनी ग्रामपंचायतीत, महापालिकेत आणि कामगार संघटनांत उतरावे. मात्र तेथे केवळ आपल्या समाजाचे म्हणून नव्हे, तर सर्वांचे म्हणून उभे राहावे. आणि निकाल विरुद्ध गेला तर कडवट न होता दुसरे काम हाती घ्यावे, जसे काकांनी १९२० साली घेतले.

आरंभी सांगितलेल्या त्या दोन भावांपैकी थोरला आता हयात नाही. धाकट्याने त्याच्या शवपेटीला खांदा दिला आणि दफनविधीनंतर तो बराच वेळ कबरीपाशी एकटा उभा राहिला. बोलावयाचे ते बोलण्याची वेळ निघून गेली होती. ज्या प्रश्नावरून ते दुरावले, तो प्रश्न महत्त्वाचाच होता. पण त्यावर वेगवेगळे मत देऊनही त्यांना एका बाकावर बसता आले असते. लजपतराय आणि बॅप्टिस्टा बसले होते.

येत्या मतदानाच्या दिवशी आपण सर्वांनी मतदान करावे. आणि त्यानंतरच्या रविवारी, शांतीच्या अभिवादनाची वेळ येईल तेव्हा, ज्याने आपल्या विरुद्ध मत दिले आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, त्याच्याकडे प्रथम हात पुढे करावा. प्रभू येशू आपल्या गावांना एकोपा आणि आपल्या देशाला शांती देवो, हीच आमची प्रार्थना.